टिळकांचं ध्रुवघर आणि राखीगढीची बाई

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

मागच्या वेळी आपण सिंधू संस्कृतीच्या नगरांबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, आता डीएनएनं सगळं सिद्धच झालंय, मग वेदकाळाबद्दलची जुनी पुस्तकं वाचायची कशाला?" वेळ संपली होती म्हणून मी तेव्हा हसून सोडून दिलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आज त्याचं उत्तर एकाच पुस्तकाच्या आधारानं द्यायचा प्रयत्न करतो. पुस्तक लोकमान्य टिळकांचं आहे, 'द आर्क्टिक होम इन द वेदाज', १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झालेलं.

आधीच सांगतो, या पुस्तकाचा निष्कर्ष चुकीचा आहे. वैदिक लोकांचे पूर्वज उत्तर ध्रुवाजवळ राहत होते, हे आज कोणताही जबाबदार अभ्यासक मानत नाही. माझी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे हे पुस्तक दोनच प्रकारे वापरलं जातं. एक गट म्हणतो, "बघा, टिळकांनीच कबूल केलं की आर्य बाहेरचे." दुसरा गट टिळकांचं सगळं डोक्यावर घेतो, पण या पुस्तकाचं नाव निघालं की विषय बदलतो. दोन्ही गटांतल्या फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होतो आणि भारावून गेलो होतो. पुढे संस्कृत थोडं बरं झालं, तेव्हा पुन्हा वाचलं आणि चिडलो. आता तिसऱ्यांदा वाचताना वाटतं, की त्यांचं चुकणं आजच्या पुष्कळांच्या बरोबर असण्यापेक्षा जास्त शिकवणारं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८९३ साली टिळकांचं 'ओरायन' आलं होतं. त्यात त्यांनी म्हटलं, की वेदांमधल्या काही खुणा वसंतसंपात मृगशीर्ष नक्षत्रात होता त्या काळातल्या आहेत, म्हणजे इसवी सनापूर्वी ४०००च्या आसपासच्या. गंमत म्हणजे जर्मनीत बॉनला हेर्मान याकोबी त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, जवळपास त्याच ठिकाणी पोचला होता. मग १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तुरुंगात असताना माक्स म्युलरनं त्यांना आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती पाठवली, सुटकेसाठी खटपटही केली. रात्री काही तास वाचायला दिवा मिळत असे, असं टिळक प्रस्तावनेत सांगतात. मला ते चित्र फार आवडतं. कोठडीत दिव्याच्या उजेडात एक माणूस ऋग्वेदातल्या लांबलचक रात्रीबद्दल वाचतोय! १८९८च्या अखेरीस पहिला खर्डा तयार होता, तरी छापायला १९०३ उजाडलं. या प्रश्नात भूशास्त्र, पुराजीवशास्त्र, तौलनिक भाषाशास्त्र असं बरंच काही गुंतलंय, ते नीट बघितल्याशिवाय छापायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. हे आजच्या यूट्यूबवाल्यांनी जरा ऐकावं. (हशा)

आता पुस्तक कसं रचलंय ते बघा. टिळक कायद्याचे पदवीधर, आणि ते पानोपानी कळतं. आधी ते बाजूला बसून ठरवतात की ध्रुवावर आकाश कसं दिसेल. तारे उगवत-मावळत नाहीत, डोक्याभोवती गोल फिरतात. सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र. पहाट तासाभराची नाही, तर दीड-दोन महिन्यांची, आणि ती क्षितिजाभोवती चाकासारखी फिरते. ध्रुवाच्या जरा खाली आलं की काय बदलेल, याची वेगळी यादी. मग ते म्हणतात, ही लक्षणं वेदांत सापडतात का बघू. म्हणजे कसोटी आधी आणि पुरावा नंतर. अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठाच्या वॉरननं १८८५मध्ये 'पॅराडाइज फाउंड' लिहून मानवजातीचं मूळ ध्रुवावर नेलंच होतं. टिळक त्याचं ऋण मान्य करतात, पण काम त्याच्यापेक्षा कितीतरी शिस्तीनं करतात.

आणि मग घोटाळा होतो. कुठे होतो ते नीट बघायला हवं.

त्यांचा सगळ्यात आवडता साक्षीदार म्हणजे उषा. ऋग्वेदात उषेची वीसेक सूक्तं आहेत आणि ती संहितेतली फार सुंदर सूक्तं आहेत. सातव्या मंडलातल्या एका सूक्तात पहिली उषा आणि सूर्योदय यांच्यामध्ये पुष्कळ दिवस गेले, असा अर्थ निघू शकेल अशी ऋचा आहे. तैत्तिरीय संहितेत तीस उषा येतात, तीस बहिणी, एकत्र फिरणाऱ्या. टिळक म्हणतात, घ्या, ही महिनाभर चालणारी, गोल फिरणारी ध्रुवीय पहाट. शिवाय वेदांत उषेला अनेकदा अनेकवचन लावलंय, ते का? यास्कानं निरुक्तात सांगितलं होतं की ते आदरार्थी आहे. टिळकांना हे पटत नाही. आता हे पुण्यात बसून न पटणं म्हणजे कमालच आहे! आपल्याकडे आजोबा 'येतात', आई मात्र 'येते', गुरुजी 'म्हणाले'. आदराचं अनेकवचन आपण दिवसाला शंभर वेळा वापरतो. आदराचं नको असेल, तर दुसरा सरळ अर्थ आहेच. रोजची उषा वेगळी, म्हणून त्या अनेक. आणि तीस? महिन्याचे तीस दिवस, तीस पहाटा. मी असं म्हणत नाही की हाच अर्थ नक्की बरोबर. मी एवढंच म्हणतो, की घरच्या घरी अर्थ लागत असताना थेट ध्रुवावर जायचं, तर आधी घरचे अर्थ का चालत नाहीत हे दाखवावं लागतं. टिळक ते काही ठिकाणी दाखवतात आणि पुष्कळ ठिकाणी नुसते पुढे जातात.

रात्रीचंही तसंच. रात्रीचं पार दिसू दे, आम्हाला सुखरूप पलीकडे ने, अशा प्रार्थना वेदांत आहेत. टिळक विचारतात, बारा तासांच्या रात्रीची एवढी भीती कुणाला वाटेल? मी ज्या गावात वाढलो तिथे माझ्या लहानपणी वीज नव्हती. मार्गशीर्षात पाळी असली की वडिलांबरोबर रात्री रानात दारं धरायला जायचो, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात फिरवायला. कंदील एक, तोही बांधावर ठेवलेला. लांडगे तेव्हा होते. त्या रात्रीला अंत नसतो हो. रात्रिसूक्तात रात्रीकडे काय मागितलंय? लांडगा दूर ठेव, चोर दूर ठेव. सहा महिन्यांच्या अंधारात माणूस आधी चोराची काळजी करेल का? ते मागणं गुराढोरांच्या, उघड्यावर झोपणाऱ्या माणसाचं आहे. टिळकांना ते ऐकू आलं नाही, कारण त्यांनी कवितेला पंचांग समजून वाचलं. त्यांच्या दृष्टीनं ऋषी म्हणजे निरीक्षक, जे दिसलं ते नोंदवणारा. तो आर्त होऊन बोलत असेल, वाढवून बोलत असेल, ही शक्यताच हिशोबात नाही. माझा या पुस्तकावरचा मुख्य आक्षेप हा आहे.

दुसरा आक्षेप भूशास्त्राचा. इथे टिळकांना दोष देताना जपून द्यायला हवा, कारण त्यांच्या हाताशी होतं ते सगळं त्यांनी वाचलं होतं. हिमयुग फार प्राचीन, असं काही इंग्रज शास्त्रज्ञ म्हणत होते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपलं म्हणत होते. टिळकांनी अमेरिकनांची बाजू घेतली. हिमयुगाच्या शेवटाचा आजचा आकडा साधारण ११,७०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे ते फार चुकले नाहीत. पण त्यांच्या मांडणीत दोन हिमयुगांच्या मधल्या उबदार काळात ध्रुवप्रदेश राहण्यासारखा होता आणि मग बर्फ आल्यानं ते घर उद्ध्वस्त झालं. ठीक. पण बर्फ येणं आणि बर्फ जाणं या दोन घटनांमध्ये लाखभर वर्षं आहेत! शेवटचा उबदार काळ संपला तो सुमारे १,१५,००० वर्षांपूर्वी. टिळकांच्या कालपटात घर मोडतं इसवी सनापूर्वी १०,००० ते ८,००० या दरम्यान, म्हणजे बर्फ वितळायच्या वेळी. घर मोडायची वेळ त्यांनी हिमयुगाच्या सुरुवातीवरून घेतली आणि तारीख शेवटाची लावली. हा सांधा त्यांच्या लक्षात कसा आला नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. अवेस्तातल्या वेन्दिदादमध्ये ऐर्यन वएजह नावाच्या मूळभूमीचा दहा महिन्यांचा हिवाळा येतो, त्यावर त्यांची मोठी भिस्त आहे. पण दहा महिन्यांचा हिवाळा मध्य आशियाच्या उंच पठारांवरही असतो. त्यासाठी ध्रुव लागत नाही.

आणि एक अगदी साधी हरकत, जी डॉ. आंबेडकरांनी १९४६च्या 'हू वेअर द शूद्राज?'मध्ये घेतली. वैदिक माणसाच्या जगण्याच्या मध्यभागी घोडा आहे. ध्रुवावर घोडे होते का? नसतील तर हा सिद्धांत डळमळीत. बस्स. शेकडो पानांच्या पुस्तकाला दोन वाक्यांचं उत्तर! ऋग्वेदात नद्या कोणत्या? सिंधू, सरस्वती, कुभा म्हणजे काबूल नदी, क्रुमू म्हणजे कुर्रम, गोमती म्हणजे गोमल. दहाव्या मंडलातल्या नदीसूक्तात गंगा-यमुनाही येतात. हा भूगोल अफगाणिस्तानाच्या पूर्व भागापासून हरियाणापर्यंतचा आहे. सिंह आहे, वाघ नाही. गोठलेला समुद्र कुठेच नाही.

मग एवढा हुशार माणूस तिकडे गेला का? 'ओरायन'मध्ये याचं बीज आहे. अमेरिकेत येलच्या व्हिटनीनं १८९४ साली टिळक आणि याकोबी दोघांवर कडक टीका केली होती. नक्षत्राच्या नावावरून वर्षारंभ काढायचा आणि वर्षारंभ म्हणजे वसंतसंपातच असं धरून चालायचं, हे त्याला मान्य नव्हतं. बरोबरच आहे. मार्गशीर्षाला आग्रहायण म्हणतात, म्हणजे कधीतरी तिथून वर्ष सुरू होत असेल. पण वर्ष सुगीपासूनही सुरू करता येतं. टिळकांना मात्र जुनेपणा हवा होता. ज्या काळात इंग्रज अधिकारी आपल्याला तुम्ही कालचे म्हणून हिणवत होते, त्या काळात त्यांना ग्रीस-मिसरच्याही मागे जायचं होतं. जुनं असण्यासाठी बाहेरचं व्हावं लागलं तरी चालेल, हा सौदा त्यांनी केला. हे आज आपल्याला विचित्र वाटतं, कारण आजचा सौदा बरोबर उलटा आहे.

त्याच आर्यांचा महाराष्ट्रात आधी काय उपयोग झाला होता आठवा. महात्मा फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त ब्राह्मण इराणातून आले आणि बळीच्या राज्यावर त्यांनी कब्जा केला, असं मांडलं. भाषाशास्त्रातलं स्थलांतर त्यांनी सामाजिक न्यायाच्या फिर्यादीत पुरावा म्हणून लावलं. १९१५ साली पुण्यातच ना. भ. पावगी यांनी आर्यांचं मूळ सप्तसिंधूतच, असं पुस्तक लिहून टिळकांना उलट उत्तर दिलं. १९३९मध्ये गोळवलकरांनी आणखी कमाल केली. टिळकही बरोबर आणि आर्य इथलेही, हे दोन्ही साधायला त्यांनी ध्रुवच पूर्वी बिहार-ओरिसाच्या बाजूला होता असं लिहिलं. आणि आंबेडकर? त्यांना आर्यांचं आक्रमण मान्यच नव्हतं, फुल्यांना गुरू मानूनही. म्हणजे या वादात कोण कुठे उभा आहे हे जातीवरून किंवा पक्षावरून ओळखायला जाऊ नका, फसाल. सोप्या वर्गवाऱ्या इथे चालत नाहीत.

आता टिळकांना जे माहीत असणं शक्यच नव्हतं त्याकडे येतो. पुस्तक आलं १९०३ला. तीन-चार वर्षांतच तुर्कस्तानात बोगाझकोईला मातीच्या विटांवरचे लेख सापडायला लागले. त्यांत इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला मितन्नी राजाचा एक तह आहे, त्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षी ठेवलंय. घोडे शिकवण्याबद्दलचा किक्कुली नावाच्या मितन्नी माणसाचा ग्रंथ मिळाला, त्यात अंक आहेत ऐक, तेर, पंझ, सत्त. 'ऐक' महत्त्वाचा, कारण इराणी भाषांत तिथे 'अइव' असतं. म्हणजे सिरियाच्या बाजूला आपल्या भाषेची सख्खी बहीण बोलली गेली होती. आणि हडप्पा-मोहेंजोदडोची बातमी मार्शलनं जगाला दिली ती सप्टेंबर १९२४मध्ये. टिळक १९२० साली गेले. त्यांच्या नकाशावर सिंधू संस्कृती नावाची गोष्टच नव्हती. ती असती तर त्यांनी ध्रुवावर जायची तसदी घेतली असती, असं मला वाटत नाही.

आता राखीगढी. हे जास्त सावकाश सांगतो, कारण इथे फसवणूक चालू आहे आणि ती दोन्हीकडून चालू आहे. हरियाणात हिसार जिल्ह्यात हे गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूनं तिथलं दफनस्थान खणलं. एकसष्ट सांगाड्यांचे नमुने तपासले, त्यातून कामाचा डीएनए मिळाला एका बाईचा. एका. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही, त्याला कोण काय करणार? सप्टेंबर २०१९मध्ये 'सेल' या नियतकालिकात निबंध आला. या बाईत स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. तिच्यात दोन अंश आहेत. एक दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी लोकांशी नातं सांगणारा, दुसरा इराणी बाजूच्या लोकांशी, पण तोही शेती सुरू होण्याआधीच त्यांच्यापासून वेगळा झालेला. हा शोध खरोखर मोठा आहे. इथली शेती इराणातून मोठ्या संख्येनं माणसं येऊन सुरू झाली, ही समजूत त्यानं हलवली.

पण पत्रकार परिषदेनंतर बातम्या काय आल्या? आर्य आलेच नाहीत, सिद्ध झालं! अहो, ती बाई मेली इसवी सनापूर्वी २८०० ते २३००च्या दरम्यान कधीतरी. स्टेपचे लोक इथे आले असतील तर ते २०००नंतर, असंच स्थलांतर मानणारे म्हणत होते. जो पाहुणा अजून निघालाच नव्हता तो घरात दिसला नाही, म्हणून तो कधीच आला नाही? तिच्यात स्टेपचा अंश सापडला असता तर स्थलांतरवाल्यांची पंचाईत झाली असती. न सापडणं त्यांच्या बाजूचं होतं! त्याच सुमारास 'सायन्स'मध्ये ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवरचा मोठा निबंध आला, त्यात स्टेपचा अंश दक्षिण आशियात इसवी सनापूर्वी २००० ते १५००च्या दरम्यान पोचल्याचं दाखवलंय. दोन्ही निबंधांच्या लेखकांत काही नावं सामाईक आहेत. आणि राखीगढीच्या निबंधातच शेवटी इंडो-युरोपीय भाषा येण्याचा मार्ग मध्य आशियातूनच संभवतो, असं लिहिलंय. निबंध एक सांगतो, मथळा दुसरं. टिळकांनी निदान आपला निष्कर्ष आपल्याच पुस्तकाच्या विरोधात जाऊन जाहीर केला नव्हता.

आता दुसरी बाजू. काही मंडळी या आकड्यांवरून पुन्हा घोड्यावर बसून तलवारी उगारलेले आर्य आणतात. तसा पुरावा नाही. मॉर्टिमर व्हीलरनं १९४६-४७च्या सुमारास मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. १९६४मध्ये जॉर्ज डेल्सनं ती कत्तल काल्पनिक असल्याचं दाखवलं. ते सांगाडे एका वेळचे नाहीत, एका थरातलेही नाहीत. नगरं ओस पडायला लागली होती ती आधीच. आलेले लोक थोडेथोडे, कळपांबरोबर, पिढ्यान्‌पिढ्या येत असणार. आणि हाडातला डीएनए बोलत नाही. ती बाई कोणती भाषा बोलत होती हे कुणालाही सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून सावध राहा.

भाषेबद्दल मात्र एक पुरावा आपल्या जिभेवरच आहे. आपला ळ. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे, आणि आपण मराठी लोक ते पटकन दाखवतो, छाती फुगवून. पण ट-ठ-ड-ढ-ण आणि ळ हे मूर्धन्य वर्ण संस्कृतच्या युरोपातल्या बहिणींमध्ये मुळात नाहीत. इराणी अवेस्तातही नाहीत. द्राविड भाषांत ते घरचे आहेत. म्हणजे हे वर्ण संस्कृतला इथल्या मातीत मिळाले. केव्हा मिळाले यावर वाद आहे. माधव देशपांडे यांनी १९७९ साली असं मांडलं, की मूळ रचनेत ते नसावेत, पुढच्या पाठपरंपरेत इथल्या तोंडांनी ते घातले असावेत. त्यांचं सगळं मान्य नसलं, तरी विचार करा, ज्या ऋचा आपण अक्षर न बदललेल्या म्हणून सांगतो त्यांच्या उच्चारातच बाहेरून आलेल्याची आणि आधी असलेल्याची भेट नोंदलेली असेल. टिळकांनी आकाशात शोधलं. मला वाटतं, त्यांनी घशात शोधलं असतं तर जास्त सापडलं असतं.

(प्रश्न : मग सर, आपण मराठी माणसं नक्की कोण?)

तिन्हींचे. इथले जुने शिकारी, सिंधूकडची ती इराणी नात्याची शाखा आणि स्टेप. प्रमाण घराघरात, जातीजातीत कमीजास्त. तिन्हींपैकी एकच आपलं म्हणणाऱ्याला स्वतःचे दोन आजोबा नाकारावे लागतील. बाकी प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. किक्कुलीची घोड्यांची पोथी पुढच्या वेळी वाचू, त्या ऐक, तेर, पंझसकट.